नऊ व्होल्ट

नोल्फा आयाविरेची गिटार
माझ्या सीटमागे उभी असते,
ऑक्सिजनच्या सिलिंडरला पट्ट्यानं बांधलेली.
बुटकी आहे. अंग पोरीएवढं,
गळा मात्र बाईचा.

कालामा मागे पडलं की हवा कोरडी होत जाते,
इतकी, की बोलायच्या आधी ओठ फुटतात.
लाकडाचंही तेच, नोल्फा म्हणते,
फक्त ते कुरकुरत नाही, एकदम तडकतं.
म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून
आत ओला कापूस, दवाखान्याचाच,
आणि डबी तारांमधून गिटारीच्या पोटात सोडलेली.
दर मुक्कामी बोट घालून बघते,
बाळाचं दुपटं चाचपावं तसं.

एका ऑगस्टमध्ये विसरली.
मान आकसली, पडद्यांची टोकं बाहेर आली
आणि तिचा तळवा ओरबाडला.
तोकोन्सेच्या दवाखान्यात पायरीवर बसून
नखांच्या कानशीनं तिनं टोकं घासली, एकेक,
जखमेतले खडे वेचताना असतो तोच चेहरा.
मी म्हटलं, दोन पेशंट थांबलेत.
म्हणाली, तीन. आणि घासत राहिली.

वाजवून झालं की तारा गॉजनं पुसायच्या,
अटाकामात धुळीतही मीठ असतं.
जॅकचा नट ढिला झाला, खरखर सुरू झाली,
की टाक्याची सुई धरायचा चिमटा.
(नंतर उकळते. मी पाहिलंय.)
आणि वायर उपसायची. हे तर दहादा सांगते.
वायर आत राहिली तर बॅटरी आतल्या आत संपत जाते,
कुणी वाजवो, न वाजवो.
मला माझा सासरा आठवला. बोललो नाही.

मग ती कास्पानाची रात्र.
फ्लोरिंदा पुका, आठवा संपत आलेला,
बाळ कालपासून हललं नाही म्हणाली.
नोल्फानं पोटाला जेल लावलं,
ठोके ऐकायचं यंत्र टेकवलं, बटण दाबलं.
काही नाही.
म्हणजे बाळाचं नव्हे, यंत्राचंच काही नाही,
साधा दिवाही नाही.
दुकान उघडायला लावलं. पेन्सिलसारख्या बॅटऱ्या होत्या,
टॉर्चच्या होत्या. चौकोनी नव्हती.

ती म्हणाली, मागचं दार उघड.

झाकण नखानं निघेना, माझ्या किल्लीनं निघालं.
बॅटरीची दोन्ही टोकं तिनं जिभेला लावली,
तोंड वाकडं केलं. जिवंत होती.

खोलीत आधी नुसता वारा.
मग आईचीच नाडी, संथ.
नोल्फानं हात दोन बोटं खाली सरकवला,
पुन्हा वारा, आणि मग
दगडी पुलावरून लामा उधळावा तसं
धडधड, धडधड,
न थांबता, कुणाची वाट न बघता.
एकशे बेचाळीस, नोल्फा म्हणाली.
फ्लोरिंदाची आई भिंतीला धरून खाली बसली,
आणि मी, कारण नसताना,
टोपी काढली.

बॅटरी यंत्रातच राहिली.
शनिवारी शाळेच्या अंगणात कर्णा लावलेला होता,
वायरही जोडलेली. गिटार त्याच्याशी बोलेना.
ती तशीच वाजवत बसली,
तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही.
मास्तर नाराज. मागून पोरं ओरडली, मोठ्यानं!
तिनं कारण सांगितलं नाही. मी सांगणार होतो,
तिनं डोळ्यांनी गप्प केलं.

आता दोन बॅटऱ्या असतात,
एक गिटारीच्या पोटात, एक कप्प्यात.
कुठली कुणाची, ते तिनं लिहिलेलं नाही.
उतारावर कधी ती डुलकी घेते,
वायर तशीच लोंबत राहते.
मी गाडी कडेला घेतो, हँडब्रेक ओढतो,
मागे वळून हळूच उपसतो.

वाजवता मला अजून येत नाही.